अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी उपचार : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, चोपडा, अमळनेर, धुळे आणि नंदुरबार या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. उत्तरे मी स्वतः अ‍ॅक्युपंक्चर करते त्या अनुभवावर आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनावर आधारलेली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नेमके काय? चिनी उपचारांत फक्त सुयाच असतात का?

शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर अतिशय बारीक, भरीव सुया टोचून त्या काही वेळ तशाच ठेवणे म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. या पद्धतीचा जुना आधारग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते आणि तिचा प्रवाह अडला की आजार होतो, अशी त्यातील मांडणी आहे. प्रमाण मानल्या गेलेल्या १४ वाहिन्यांवर ३६१ बिंदू सांगितले आहेत. अशा वाहिन्या शवविच्छेदनात कोठेही सापडलेल्या नाहीत. सुईमुळे स्नायूंतील आणि त्वचेखालील मज्जातंतू उत्तेजित होतात व शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, हे आजचे स्पष्टीकरण मला अधिक पटते. असे असले तरी बिंदू शोधण्यासाठी वाहिन्यांची जुनी मांडणी रोज उपयोगी पडते, म्हणून ती शिकावीच लागते.

सुयांखेरीज मोक्सा म्हणजे वनस्पतीचा शेक, कपिंग म्हणजे त्वचेवर हवा ओढणारे पेले लावणे, ग्वा-शा म्हणजे गुळगुळीत कडेने त्वचा घासणे, त्वेना ही मालिश आणि वनौषधी हेही चिनी वैद्यकाचे भाग आहेत. त्यांतील कपिंग, मोक्सा आणि वनौषधी यांची माहिती प्रश्न ९ ते ११ मध्ये आहे.

२. अ‍ॅक्युप्रेशर आणि अ‍ॅक्युपंक्चर एकच का? जत्रेत मिळणारे लाकडी रोलर चालतील का?

दोन्ही एक नाहीत. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये बोटाने किंवा साधनाने दाब देतात, त्वचा भेदली जात नाही. रोलर आणि काटेरी चपलांनी तळपायांना बरे वाटत असेल तर त्या जरूर वापराव्यात. मात्र मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी त्या वापरू नयेत, कारण झालेली जखम त्यांना कळत नाही. सुजोक ही कोरियातील हाता-पायांच्या बिंदूंची वेगळी पद्धत आहे. फिजिओथेरपिस्ट करतात त्या 'ड्राय नीडलिंग'मध्ये सुया त्याच असतात, पण त्या स्नायूंतील आखडलेल्या गाठींवर टोचतात. त्यात 'ची' किंवा वाहिन्यांचा विचार नसतो.

३. सुई दुखते का? दवाखान्यातल्या इंजेक्शनसारखीच असते का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि अहिराणी बोलणाऱ्या आजींकडून तो 'दुखस का?' एवढ्या दोनच शब्दांत येतो.

इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिचे टोक तिरके कापलेले असते आणि तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, तिचे टोक निमुळते असते आणि जाडी बहुतेक वेळा ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती प्लॅस्टिकच्या लहान नळीत बसवलेली येते. ही नळी त्वचेवर टेकवतात, नळीच्या वर किंचित डोकावणाऱ्या दांड्यावर तर्जनीने टिचकी मारतात आणि नळी अलगद काढून घेतात. अनेकांना टिचकी जाणवते, टोचणे जाणवत नाही.

खरी जाणीव त्यानंतर येते. सुई थोडी आत सरकवून हलकेच फिरवली की त्या जागी जडपणा, ठसठस, मुंग्या किंवा ताण जाणवतो. चिनी वैद्यकात याला 'द-ची' म्हणतात. अमळनेरकडच्या एका आजींनी गुडघ्याखालच्या सुईबद्दल 'मझार जड जड लागस' (आत जड जड लागते) असे सांगितले होते, आणि इतके अचूक वर्णन मी पुस्तकातही वाचलेले नाही. हा जडपणा अपेक्षित असतो. मात्र विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली, आग झाली किंवा वेदना वाढत गेली, तर सहन न करता त्याच क्षणी सांगावे, म्हणजे सुईची जागा बदलता येते.

सुई किती खोल जाईल हे जागेवर ठरते. बोटांवर आणि कानावर ती जेमतेम काही मिलिमीटर जाते. नितंबाच्या जाड स्नायूत पाच सेंटिमीटरहून अधिकही जाऊ शकते.

४. पहिल्या भेटीत काय काय होते? कपडे काढावे लागतात का?

पहिली भेट लांबते, म्हणून तासभर वेळ हाताशी ठेवावा. दुखणे कधीपासून आहे, कशाने वाढते, झोप, भूक, पोट, मासिक पाळी, आधीची ऑपरेशने, चालू गोळ्या हे सर्व विचारले जाते. जीभ पाहिली जाते आणि दोन्ही मनगटांवर तीन बोटांनी नाडी पाहिली जाते. आपल्याकडच्या वैद्यांच्या नाडीपरीक्षेशी हे दिसायला जुळते, पण त्यात वात-पित्त-कफ नसून वेगवेगळ्या अवयवांचा विचार असतो. नाडी आणि जिभेवरून साखर, कावीळ किंवा गाठ यांचे निदान होत नाही. त्यासाठी रक्ततपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे लागतातच. जुने रिपोर्ट पिशवीत असतील तसे घेऊन यावेत.

महत्त्वाचे अनेक बिंदू गुडघ्याखाली आणि कोपराखाली असल्यामुळे सैल सलवार, पायजमा किंवा सहज वर घेता येणारी साडी पुरेशी होते. पाठीच्या उपचारासाठी पाठ उघडी करावी लागते. तेव्हा अंगावर चादर आणि सोबत घरातील बाई असावी, असे रुग्णाने निःसंकोच सांगावे. सुया लावल्यावर २० ते ३० मिनिटे शांत पडून राहायचे असते आणि बरेच जण त्यात झोपी जातात.

५. किती फेऱ्या माराव्या लागतील? लांबून येणे परवडत नाही.

जुन्या दुखण्यासाठी सहसा आठवड्यातून एक-दोनदा, असे सहा ते दहा वेळा यावे लागते. यावलहून किंवा शिरपूरहून येणाऱ्याची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि बसभाडे असते, हे उपचार करणाऱ्याने विसरता कामा नये. माझा नियम असा आहे की पाच-सहा वेळा येऊनही झोपेत, चालण्यात किंवा गोळ्यांच्या संख्येत काहीच फरक पडला नाही, तर उपचार थांबवावा. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. वेचणीच्या दिवसांत रोज वाकून कापूस वेचणाऱ्या किंवा केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसाची कंबर सुयांनी हलकी झाली, तरी काम तेच राहिल्यास दुखणे परत येऊ शकते. म्हणून व्यायाम आणि ओझे उचलण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी सोबत शिकून घ्याव्यात.

६. उपाशीपोटी यावे का? उपवास असेल तर?

उपाशीपोटी येऊ नये. सुया लावल्यावर काही जणांना घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट रिकामे असेल तर ही शक्यता वाढते. येण्याआधी दीड-दोन तास साधे जेवण झालेले असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उन्हातून आल्यावर लगेच सुया लावून घेऊ नयेत. आधी पाणी प्यावे आणि वीस मिनिटे सावलीत बसावे. निर्जळी उपवास, नवरात्रातील कडक उपवास किंवा रोजा असेल त्या दिवशीची बैठक पुढे ढकलणे हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. पहिली बैठक नेहमी झोपूनच घ्यावी. आल्या दिवशी दारू घेतलेली असेल तर उपचार करू नये.

७. याने खरोखर फरक पडतो, की नुसते मनाचे समाधान?

हा प्रश्न अतिशय रास्त आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर, मग तो बाजूने बोलो की विरोधात, फार विश्वास ठेवू नये.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला योग्य बिंदूंवर सुया दिल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया दिल्या आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रुग्णांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला होता. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच अधिक आराम पडला. पण तो नेमक्या त्या बिंदूंमुळेच पडला असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. टोचण्याचा सर्वसाधारण परिणाम, शांत पडून राहणे, कोणीतरी नीट ऐकून घेणे आणि बरे वाटेल ही अपेक्षा यांचा वाटा त्यात मोठा असावा.

पुढे ३९ अभ्यासांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा निघाला, त्यात पाठ-मान, गुडघा, खांदा आणि डोकेदुखी या जुनाट दुखण्यांत खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण फरक लहान होता. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, आणि त्याच संस्थेने २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करावा असे सांगितले. तज्ज्ञांमध्येही अजून एकमत नाही.

मी हे सर्व रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगते. रोज पोटात जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करू शकतात; त्या निम्म्यावर आल्या तर, कारण काहीही असो, मला तो खरा लाभ वाटतो.

८. लकवा, साखर, थायरॉइड, मूलबाळ, चष्मा, कॅन्सर या सगळ्यांवर चालते का? आणि सुयांवर ऑपरेशन करतात म्हणे?

सगळ्यांवर चालत नाही. प्रश्न ७ मधील दुखण्यांखेरीज ऑपरेशननंतरची किंवा केमोथेरपीची मळमळ कमी करण्यासाठी मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू उपयोगी पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मनगटाच्या रेषेपासून तीन बोटे वर, हाताला लागणाऱ्या दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये तो असतो. साखर, थायरॉइड, चष्म्याचा नंबर सुयांनी जात नाहीत आणि कॅन्सर बरा होत नाही. मूल होण्यासाठी केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. वय वाढत असताना त्यावर वर्ष घालवू नये.

लकव्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचे आहे. अचानक तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर पहिल्या साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते आणि त्यानंतर ती संधी सहसा निघून जाते. धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरून मोठ्या रुग्णालयात पोहोचायलाच कित्येक तास लागतात. त्यात आधी मालिशवाला, मग सुईवाला असे केले, तर माणूस आयुष्यभरासाठी अधू होतो. लकव्याचा रुग्ण थेट माझ्याकडे आणला गेला असे घडले आहे. मी पाच मिनिटेही न थांबवता १०८ क्रमांकाची गाडी बोलावली. फक्त चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला असला तरी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू व्हाव्या लागतात. सुयांचा विचार त्यानंतर, फिजिओथेरपीच्या जोडीने करावा.

सुयांवर ऑपरेशनची कथा १९७१ मध्ये पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेल्या अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या नावाने सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांना भुलेचे नेहमीचे इंजेक्शनच दिले होते. सुया नंतरच्या पोटफुगीसाठी दिल्या होत्या.

९. कपिंगनंतर पाठीवर काळेनिळे गोल डाग पडले. हे नुकसान आहे का? तुंबडी आणि हिजामा हेच का?

पेल्यातील हवा तापवून किंवा पंपाने कमी केली की त्वचा आत ओढली जाते, त्याखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि गोल डाग उमटतो. तो सहसा एक ते दोन आठवड्यांत जातो. डाग जितका काळा तितके 'विष' बाहेर आले, या म्हणण्याला आधार नाही. तो साधा रक्ताचा डाग असतो. घरी कोणी घाबरू नये म्हणून आधीच सांगून ठेवावे.

आपल्याकडची तुंबडी आणि युनानीतील हिजामा यांचे तत्त्व हेच आहे, मात्र त्यांत अनेकदा त्वचेवर चिरे देऊन रक्त काढतात. चिरे दिले की कावीळ ब आणि क यांचा धोका येतो, म्हणून पाते नवे आणि पेले निर्जंतुक असल्याशिवाय ते करून घेऊ नये. कोणत्या रुग्णांनी रक्त काढून घेणे पूर्णपणे टाळावे, हे प्रश्न १३ मध्ये दिले आहे.

१०. मोक्सा म्हणजे आपल्याकडे देतात तो डाग का?

नाही. मोक्सा ज्या वनस्पतीपासून करतात ती आपण देवाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातील आहे. तिच्या वाळलेल्या पानांच्या लोकरीसारख्या चुऱ्याची जाड कांडी करतात, ती पेटवतात आणि त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर धरून शेक देतात. कातडी गुलाबी होते, भाजत नाही. धुराचा वास उग्र असल्याने दमा असलेल्यांनी आधी सांगावे. त्वचेवर फोड आणून व्रण ठेवणारा मोक्साचा जुना प्रकारही आहे. तो करून घेऊ नये.

पोटदुखी किंवा पोटफुगीसाठी तान्ह्या बाळाच्या पोटाला तापलेल्या सळईचे चटके देण्याची रीत काही ठिकाणी अजूनही आहे. त्याचा मोक्साशी काहीही संबंध नाही, त्याने बाळाचा जीव जाऊ शकतो आणि ती रीत तत्काळ थांबली पाहिजे.

११. चिनी जडीबुटी घ्यावी का? ऑनलाइन मिळते आणि नैसर्गिक असते म्हणतात.

ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने घेऊ नये. चिनी वनौषधींत सामर्थ्य आहे यात शंका नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध दवण्याच्याच कुळातील एका चिनी वनस्पतीतून तू यूयू यांनी शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते द्रव्य वेगळे काढून, मात्रा ठरवून, चाचण्या घेतल्यावर औषध झाले.

याच परंपरेतील ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पतींनी १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी गोळ्या घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली आणि पुढे त्यांतील काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. 'माहुआंग' या वनस्पतीने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. सुया आणि औषधे हे दोन वेगळे निर्णय आहेत; सुया घेणाऱ्याने औषधे घेतलीच पाहिजेत असे अजिबात नाही.

१२. धोका काय आहे? सुईने एड्स किंवा कावीळ होते का?

निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया असतील तर हा धोका जवळजवळ राहत नाही. पाकीट आपल्यासमोर फोडले पाहिजे, त्यावरची मुदत वाचली पाहिजे आणि वापरलेली सुई टणक डब्यात पडली पाहिजे. 'तुमच्याच सुया तुमच्या नावाने डबीत ठेवतो' हेही मान्य करू नये. किरकोळ रक्त येणे, लहान निळा डाग, दिवसभर सुस्ती हे नेहमीचे परिणाम आहेत. क्वचित घडणारा पण गंभीर धोका म्हणजे छाती, पाठीचा वरचा भाग किंवा खांद्यावर सुई खोल जाऊन फुप्फुसाला छिद्र पडणे. त्याची लक्षणे प्रश्न १६ मध्ये दिली आहेत.

१३. गरोदरपण, पेसमेकर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, सिकलसेल असेल तर?

गरोदर स्त्रीने पहिल्या वाक्यातच तसे सांगावे, कारण अंगठा आणि तर्जनीमधील बिंदू, घोट्याच्या वरचा आतील बिंदू आणि पोट-कंबरेवरील काही बिंदू परंपरेने टाळले जातात. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार करू नये. वॉरफॅरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर खोल सुया आणि कपिंग टाळावे. सुया देता याव्यात म्हणून त्या गोळ्या बंद मात्र कधीही करू नयेत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायांवर मोक्सा देऊ नये, भाजलेले कळत नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यातील हाडे-सांध्यांची असह्य कळ अनेकदा साधा 'वात' समजली जाते. अशा रुग्णाचे रक्त आधीच कमी असते; त्याचे चिरे देऊन रक्त काढणे घातक आहे. तेथील तरुण मुलगा किंवा मुलगी सांधेदुखी घेऊन आली की मी आधी सिकलसेलची तपासणी करून आणायला सांगते. वेदनेचा झटका चालू असेल तर रुग्णालयातच जावे.

१४. चालू गोळ्या बंद करायच्या का? सुई देणारा जाणकार आहे हे कसे ओळखावे?

रक्तदाब, साखर, फिट, थायरॉइड यांच्या गोळ्या ज्या डॉक्टरांनी सुरू केल्या तेच कमी करू शकतात. गोळ्या बंद करायला लावणाऱ्याकडून उठून यावे; जाणकार नाही हे ओळखण्याची पहिली खूण तीच आहे. महाराष्ट्राचा अ‍ॅक्युपंक्चर उपचार पद्धतीचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही. मोफत शिबिरातही प्रश्न १२ मधील सुयांचे नियम तेवढेच लागू होतात.

१५. लहानपणी कान टोचतात ते अ‍ॅक्युपंक्चरच ना? आणि हे डॉ. कोटणीसांनी भारतात आणले का?

कर्णवेध हा आपला संस्कार आहे आणि सुश्रुतसंहितेत त्याचा विधी आहे. कानावर सर्व शरीराचे बिंदू दाखवणारा नकाशा मात्र १९५० च्या दशकात पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरांनी मांडला. कान टोचल्याने बुद्धी वाढते किंवा हर्निया होत नाही, असे म्हणायला आधार नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात सुरू केले.

१६. घरी गेल्यावर दुखणे वाढले किंवा सुई अंगातच राहून गेली तर काय करावे?

पहिल्या बैठकीनंतर एक-दोन दिवस दुखणे किंचित वाढू शकते. ते तिसऱ्या दिवशीही उतरले नाही तर कळवावे. छाती-पाठीवर सुया घेतल्यानंतर काही तासांत दम लागला, श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे झाले किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि छातीवर सुया घेतल्या होत्या हे तेथे आधी सांगावे. सुईची जागा लाल, गरम, सुजलेली झाली किंवा ताप आला तरीही दाखवावे.

सुई राहून जाणे घडू नये, पण केसांत किंवा पाठीमागे असे घडते. मी सुया लावताना आणि काढताना मोठ्याने मोजते आणि रुग्णालाही मोजायला सांगते; चौदा लावल्या आणि तेरा निघाल्या की शोध सुरू होतो. तरीही घरी सुई सापडलीच, तर ती जशी आहे तशी सरळ ओढून काढावी आणि जागा कापसाने मिनिटभर दाबून धरावी. काढलेली सुई घंटागाडीत टाकू नये, कारण ती कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते. झाकण असलेल्या डबीत ठेवून पुढच्या फेरीला परत आणून द्यावी.